तीस दिवसांची मुभा आणि आपली नियत

मुंबईत, पुण्यात किंवा अलिबाग-पेणच्या बाजारपेठेत ज्यांचे बालपण गेले, त्यांना दुकानातील एक पाटी अजून आठवत असेल : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पावतीच्या तळाशीही हेच वाक्य छापलेले असे. त्यामुळे आपली वडीलधारी माणसे रेडिओ किंवा इस्त्री घ्यायला निघत ती एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊनच. दुकानातच रेडिओ लावून पाहायचा, मुंबई केंद्र स्वच्छ ऐकू येते की नाही याची खात्री करायची, दोन-तीनदा बंद-चालू करायचा आणि मग पैसे मोजायचे. एकदा दुकानाची पायरी उतरली की माल आपला आणि नशीबही आपले.

अमेरिकेत येऊन राहिलेल्या आपल्या कुटुंबांना याच्या अगदी उलट अनुभव येतो. येथे वस्तू घरी न्यावी, खोका उघडावा, चार दिवस वापरून पाहावी, आणि मनास न आल्यास पावतीसह परत नेऊन पूर्ण पैसे घ्यावेत. काउंटरवरील मुलगी कारण विचारते ते केवळ यंत्रात नोंद करण्यापुरते. कोठे पंधरा दिवसांची मुदत, कोठे तीस, कोठे नव्वद. नव्याने आलेल्या माणसाला हे सारे खरे वाटत नाही. पुढे ते अंगवळणी पडते, आणि त्यानंतर एक प्रश्न उभा राहतो, ज्याचा आपण मोकळेपणाने विचार करीत नाही. दुकानदाराने परत करण्याची मुभा दिली, म्हणून ती मुभा हव्या त्या हेतूने वापरणे न्याय्य आहे काय ?

प्रश्न स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण घेऊ. अशा गोष्टी आपल्या बैठकांतून अनेकदा ऐकू येतात, तेव्हा ते कोणा एकाचे समजू नये. एका कुटुंबातील मुलाचा बार मित्झ्वा मुंबईस करावयाचे ठरते. आजी-आजोबा तेथे आहेत, सिनेगॉग तेथले आहे. प्रसंग चित्रित करावा म्हणून चांगला व्हिडिओ कॅमेरा घेतला जातो. मुदत तीस दिवसांची, प्रवास तीन आठवड्यांचा. परत आल्यावर कॅमेरा पुसून, दोऱ्या-पिशव्या होत्या तशा बांधून, तो दुकानात परत दिला जातो. पैसे मिळतात. घरी जमलेल्यांपैकी एक वृद्ध मावशी विचारतात, "अरे, मग कॅमेरा विकत घेतला होतास की मागून आणला होतास ?" भाचा म्हणतो, "मावशी, येथला नियमच तसा आहे. त्यांनीच लिहून दिलंय." मावशी म्हणतात, "नियम ठाऊक आहे रे. मी तुला विचारते आहे."

आमच्या मते मावशींच्या या प्रश्नातच सारा विषय आलेला आहे. नियम काय आहे हे एक, आणि आपण काय केले हे दुसरे. दोन्हींची उत्तरे वेगवेगळी शोधली पाहिजेत.

प्रथम नियमाकडे पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, कोणतीही वस्तू परत घेणे अमेरिकेतील दुकानदाराला कायद्याने बंधनकारक आहे. तसे नाही. केवळ मन बदलले म्हणून माल परत घेतला पाहिजे, असा देशव्यापी सर्वसाधारण कायदा येथे नाही. घरी येऊन गळ घालणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतलेल्या वस्तूंबाबत कामकाजाचे तीन दिवस विचार बदलण्याची सवलत आहे. ती १९७४ पासून लागू झाली. दुकानात आपल्या पायांनी जाऊन घेतलेल्या वस्तूला ती लागू नाही. न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियासारखी राज्ये एवढेच सांगतात की, दुकानदाराने आपला परतीचा नियम गिऱ्हाइकाला दिसेल असा लावावा, आणि न लावल्यास गिऱ्हाइकाला परत करण्याचा हक्क मिळावा. माल सदोष निघाला तर गोष्ट निराळी. विक्रीचा जो समान कायदा एक लुईझियाना सोडून सर्व राज्यांनी स्वीकारला आहे, त्यानुसार गिऱ्हाइकाला माल तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, आणि तो ठरल्याप्रमाणे नसल्यास नाकारता आला पाहिजे. आपल्या जुन्या देशातही आता ती पाटी पूर्वीसारखी चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

तात्पर्य, सदोष वस्तू परत करणे हा आपला हक्क आहे. चांगली वस्तू परत घेणे हा दुकानदाराने आपण होऊन दिलेला शब्द आहे. आणि शब्द कोणत्या हेतूने दिला हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

हा शब्द देण्यास आरंभ कसा झाला ? शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये टपालाने माल विकण्याचा उद्योग सुरू केला. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे दूरदूरच्या शेतांवर राहणारी माणसे. त्यांना माल हातात घेऊन पाहता येत नव्हता आणि दुकानदाराचे तोंडही दिसत नव्हते. त्यांच्या मनातील शंका दूर व्हावी म्हणून वॉर्ड यांनी १८७५ मध्ये, समाधान न झाल्यास पैसे परत, असे आश्वासन दिले. पुढे १९१२ मध्ये मेन राज्यातील एल. एल. बीन यांनी शिकाऱ्यांसाठी बूट तयार करून अशाच हमीवर विकले. पहिल्या शंभर जोडांपैकी नव्वद परत आले, कारण वरचे चामडे खालच्या रबरापासून सुटत होते. बीन यांनी प्रत्येकाचे पैसे परत केले, कर्ज काढले आणि बूट सुधारला. हमीने गिऱ्हाइकाचे रक्षण झाले आणि दुकानदाराला आपल्या मालाचा दोषही कळला. परतीचा मूळ धर्म तो हा. न पाहिलेली वस्तू पाहता यावी, आणि दोष निघाल्यास नुकसान ज्याने वस्तू केली त्याचे व्हावे.

आता याच विषयावर आपल्या धर्मशास्त्रात काय आले आहे ते पाहणे उपयोगी होईल. मिष्नामध्ये बाबा मेत्सिया या प्रकरणात खरेदी-विक्रीतील लुबाडणुकीचा विचार केला आहे. वाजवी किमतीहून एक षष्ठांशाने अधिक किंमत घेतली तर गिऱ्हाइकाला व्यवहार मोडता येतो. पण किती वेळात ? माल एखाद्या व्यापाऱ्याला किंवा आपल्या आप्ताला दाखविता येईल एवढ्या वेळात. लोद शहरात रब्बी तार्फोन यांनी शिकविले की, लुबाडणूक ठरण्याची मर्यादा षष्ठांश नव्हे, तृतीयांश समजावी. हे ऐकून लोदचे व्यापारी हर्षित झाले, कारण त्यांना अधिक नफा घेता आला असता. मग रब्बींनी सांगितले की, अशा व्यवहारात गिऱ्हाइकाला सबंध दिवस परत करण्याची मुभा राहील. तेव्हा व्यापाऱ्यांनी विनविले की, आमचे आपले पूर्वीचेच बरे, आणि ते पुन्हा जुन्या नियमाकडे वळले.

ज्या लोदमध्ये आज आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांचे काके-मामे राहतात, त्याच लोदमधील ही सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक दिवसाची मुदतसुद्धा व्यापाऱ्यांना जड वाटली. परत करण्याची मुभा फुकट नसते, तिचा भार कोणावर तरी पडतोच, हे त्यांना कळत होते. दुसरे असे की, ऋषींनी मुदत मोजली ती घटकांनी नव्हे, कामाने. जाणत्याला दाखविण्यास जितका वेळ लागेल तितकी मुदत. म्हणजे मुदत आहे ती पारख करण्यासाठी. मुंबईत आपले वडील जाणत्या माणसाला दुकानात बरोबर नेत, तेच काम अमेरिकेत वस्तू घरी आणून होते, इतकाच फरक.

त्याच प्रकरणात पुढे आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. जशी पैशात लुबाडणूक असते तशी शब्दांतही असते, आणि तिचे पहिलेच उदाहरण दिले आहे ते असे की, घेण्याची इच्छा नसता दुकानदाराला वस्तूची किंमत विचारू नये. वाचकांना हे फार कडक वाटेल. किंमत विचारल्याने कोणाचे काय जाते ? परंतु विचारणाऱ्याने दुकानदाराच्या मनात खोटी आशा उत्पन्न केली, आणि ते खोटे त्याच्या अंतःकरणाखेरीज कोणालाही ठाऊक नाही. म्हणूनच तालमूदने अशा गोष्टी मनाच्या स्वाधीन असलेल्या म्हणून वेगळ्या काढल्या, आणि तेथे मनुष्याने देवाचे भय बाळगावे असे सांगितले. नुसती किंमत विचारणे जेथे गैर ठरते, तेथे 'घेतले' असे म्हणून, पैसे मोजून, पावती घेऊन, मनात मात्र परतीचा दिवस धरून ठेवणे काय ठरेल हे वेगळे सांगावयास नको.

रांबाम यांनी बाराव्या शतकात हाच विषय अधिक स्पष्ट केला. सदोष माल पुष्कळ काळानंतरही परत करता येतो. मात्र दोष कळल्यानंतरही जो तो वापरीत राहिला, त्याने तो दोष मान्य केला असे समजावे. आपल्या कॅमेऱ्याच्या उदाहरणात तर दोष नव्हताच. होता तो उपयोग, आणि तो संपूर्ण घेऊन झाला होता.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकू, कारण त्यातही वजन आहे. पहिले म्हणणे असे : ही दुकाने प्रचंड आहेत. एक कॅमेरा परत गेल्याने त्यांचे काही बिघडत नाही, आणि परतीचा खर्च त्यांनी किमतीत आधीच धरलेला असतो. हे खरे आहे. पण किमतीत धरलेला खर्च देतो कोण ? जो वस्तू ठेवून घेतो तो. उघडलेला खोका पुन्हा नवा म्हणून प्रामाणिकपणे विकता येत नाही. तो तपासावा लागतो, आतील तारा-झाकणे मोजावी लागतात, पूर्वीच्या माणसाची चित्रे व पत्ते पुसावे लागतात, आणि मग 'उघडलेला' अशी चिठ्ठी लावून कमी किमतीस विकावा लागतो. काही माल मोडीतच जातो. येथील राष्ट्रीय किरकोळ व्यापारी संघटनेने २०२४ सालासाठी केलेल्या अंदाजानुसार त्या वर्षी सुमारे ८९० अब्ज डॉलरचा माल, म्हणजे विक्रीच्या जवळजवळ सतरा टक्के, परत येणार होता. त्यातील बहुतेक परत करणारे प्रामाणिक असतील. पण जे नसतात त्यांचा भाग पेढीचा मालक भरीत नाही. आपल्यासारखाच एखादा पगारदार गिऱ्हाईक भरतो.

शिवाय त्याची किंमत दुसऱ्या रीतीनेही द्यावी लागते. कॉस्टको या दुकानात पूर्वी टेलिव्हिजन, कॅमेरे कितीही दिवसांनी परत करता येत. लोक दोन-तीन वर्षे वापरलेला टेलिव्हिजन परत देऊन त्याच पैशांत नवा घेऊ लागले. शेवटी २००७ मध्ये अशा वस्तूंना नव्वद दिवसांची मर्यादा घालण्यात आली. ज्या एल. एल. बीनने १९१२ पासून हमी पाळली, त्यांनीही २०१८ मध्ये ती एक वर्षावर आणली, कारण लोक जुन्या बाजारातून किंवा कचऱ्यातून मिळविलेल्या वस्तू आणून पैसे मागू लागले होते. सुमारे शंभर वर्षांचा विश्वास काही थोड्या माणसांनी खर्च करून टाकला, आणि ज्याचा बूट खरोखर तिसऱ्या वर्षी उसवला त्या साध्या माणसाला आता पूर्वीचा आधार राहिला नाही.

दुसरे म्हणणे असे : दुकानेच आम्हाला मोहात घालतात. 'घेऊन तर जा, नाही आवडले तर परत आणा' हे त्यांचेच आमंत्रण. घरी गेलेली वस्तू बहुधा घरीच राहते, हे त्यांना ठाऊक असते. मग त्यांच्याच डावाने आम्ही त्यांना मात दिली तर बिघडले कोठे ? यातील तक्रार आम्हाला मान्य आहे. विक्रेत्याचाही हेतू शुद्ध नसतो. पण आमंत्रण मिळालेल्या जेवणातून डबे भरून नेणाऱ्याला आपण यजमानही श्रीमंत होता असे सांगून सोडीत नाही. दुसऱ्याच्या लोभाने आपल्या खोटेपणाचे खरे होत नाही.

तिसरे म्हणणे सर्वांत नाजूक आहे. नव्याने आलेल्या कुटुंबाजवळ पैसा थोडा असतो. मुलाला शाळेच्या प्रकल्पासाठी एक यंत्र चारच दिवस हवे आहे, ते विकत घेण्याची ऐपत नाही, दुकान परत घेते आहे, तर त्या आईने काय करावे ? आम्ही तिला चोर म्हणणार नाही, आणि कोणी म्हणू नये. पण येथे दोष एकट्या त्या आईचा नाही, शेजाऱ्यांचाही आहे. कोकणात आपल्या गावी लग्नाची मोठी भांडी घरोघर विकत घेतलेली नसत. ती कोणाकडे तरी असत आणि गरजेला सर्वांकडे जात. मागून आणण्यात कमीपणा नव्हता. येथे प्रत्येकाच्या तळघरात न वापरलेली यंत्रे पडून आहेत, आणि तरी आपलेच एक कुटुंब दुकानाला न सांगता दुकानाकडून मागून आणते, कारण आपल्या माणसांकडे मागायला त्याला लाज वाटते. भाड्याने वस्तू देणारी दुकाने आहेत, काही सार्वजनिक ग्रंथालयेही आता पुस्तकांबरोबर यंत्रे घरी देतात. आणि नसतील तेथे आपण आहोत.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, नाहीतर या लेखाचा उलटाच परिणाम होईल. आपली वडील माणसे फार भिडस्त असतात. बिघडलेली वस्तूसुद्धा परत नेण्यास ती कचरतात. आपले इंग्रजी समजेल की नाही, काउंटरवरील माणूस संशयाने पाहील काय, या विचाराने ती नुकसान सोसतात. त्यांना आम्ही सांगू की, निःशंक परत करा. खोका उघडला हा गुन्हा नाही. न उघडता कानात घालावयाचे यंत्र बसते की टोचते हे कसे कळणार ? मुंबईच्या भावासाठी घेतलेले यंत्र येथल्या एकशे वीस व्होल्टवरच चालते, तेथल्या दोनशे तीसवर नाही, हे खोक्यावरील बारीक अक्षर घरी चष्मा लावल्यावरच दिसले, तर ती प्रामाणिक चूक आहे. फोनचे अक्षर आजोबांना वाचता येत नाही, हेही परत करण्यास पुरेसे कारण आहे. पारख करताना जेवढा वापर होतो तेवढा मुदतीतच धरलेला असतो.

फक्त जे कारण असेल तेच सांगावे. काही दुकाने उघडलेल्या वस्तूवर थोडी रक्कम कापून घेतात. ती वाचावी म्हणून चांगले यंत्र 'बिघडले आहे' असे सांगण्याची युक्ती प्रचलित आहे. ही युक्ती आम्हाला परत करण्यापेक्षाही वाईट वाटते. नसलेला दोष शोधण्यात कोणा कारागिराचा वेळ जातो, चांगली वस्तू सदोष मालात पडते, आणि शेजारी उभा असलेला आपला मुलगा हे सारे ऐकत असतो. त्याने आठवडाभर त्या यंत्रावर खेळ खेळलेला असतो. यंत्र चालते हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते.

कोणी म्हणतील, हे सारे समाजाच्या नावासाठी सांभाळावे. आपला रंग वेगळा, उच्चार वेगळा. एकाने लबाडी केली की पुढच्याकडे संशयाने पाहिले जाते. यात तथ्य आहे. कोकणात आपल्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणून ओळखीत, म्हणजे शनिवारी ज्यांचा घाणा बंद असे ते. एखादा समाज तो काय करतो यापेक्षा तो काय करीत नाही यावरूनही ओळखला जातो. परंतु एवढ्यावरच थांबू नये. नावासाठी पाळलेला प्रामाणिकपणा जेथे नाव कळत नाही तेथे टिकत नाही, आणि आजचा व्यवहार तर बहुतेक बिननावाचा झाला आहे. खोका टपालाने येतो, टपालाने जातो. कोणी तोंड पाहत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांनी तो लोकांनी पाहावे म्हणून बंद ठेवला नव्हता. लोकांनी पाहिले, एवढेच.

मग कसोटी कोणती ? आमच्या अल्पमतीस एक सुचते. वस्तू विकत घेताना जो हेतू मनात आहे, तो काउंटरवरील माणसाला मोठ्याने सांगता येईल काय ? 'बघतो, जमले तर ठेवतो, नाहीतर आणून देतो' हे खुशाल सांगता येते. तोही हसून होय म्हणेल, कारण मुदत त्याच्यासाठीच आहे. 'दोनांपैकी कोणता चांगला ते ठरवायचे आहे, म्हणून दोन्ही नेतो' हेही सांगता येते. पण 'कार्य झाले की आणून देतो' हे सांगता येत नाही, जीभ अडते. जेथे जीभ अडते तेथे खरेदी संपून उसनवारी सुरू झालेली असते, आणि ज्याला सांगितले नाही त्याच्याकडून केलेल्या उसनवारीला मराठीत वेगळे नाव आहे.

हेतू संमिश्र असतो असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. घेताना आपल्यालाच पुरते ठाऊक नसते. अशा वेळी वस्तू घरी आल्यावर एक सोपी गोष्ट करावी. पारख आधी करावी, कार्य नंतर. पहिल्या दोन-चार दिवसांत तपासून ठेवायचे की द्यायचे हे ठरवावे. ठेवायचे ठरले तर कार्याला वापरावे आणि मग ती वस्तू आपली. द्यायचे ठरले तर कार्यापूर्वी देऊन टाकावी. मुदत तीस दिवसांची असली तरी निर्णयाला बहुधा तीनच लागतात. उरलेले सत्तावीस दिवस दुकानदाराने विश्वासाने दिलेले असतात. ते खर्च करावेत की नाही, हे कोणताही कायदा आपणास सांगणार नाही.